मानधन म्हणायचं आणि मजुरी टाळायची: आशाताईंनी वाटाघाट करायची तरी कोणाशी?

सकाळचे साडेदहा. मालेगाव घ्या, भिवंडी घ्या, मुंब्रा घ्या, नाहीतर गोवंडी. दारावर थाप पडते, "बाजी, बच्चे का कार्ड दिखाना जरा." खांद्याला पिशवी, पिशवीत दोन रजिस्टरं, हातात चार्जिंग संपत आलेला मोबाईल. आत बोलावलं तर पाणी पिऊन पुढच्या दारात, नाही बोलावलं तर उद्या पुन्हा त्याच दारात. ही आशाताई. आपल्या मोहल्ल्यात कुणी तिला बाजी म्हणतं, कुणी आपा, आणि लहान मुलं लांबूनच "सुईवाली आई" म्हणून पळत सुटतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, भिवंडी आणि मालेगावातही साथ पसरली. तेव्हा सगळ्याच माध्यमांनी लिहिलं, आम्हीही लिहिलं, की समाजात लसीबद्दल गैरसमज आहेत, उलेमांनी पुढे यावं, मशिदीतून ऐलान व्हावं. ते चुकीचं नव्हतं. पण दारोदार जाऊन हे गैरसमज प्रत्यक्षात कोण दूर करत होतं, तिला महिन्याला काय मिळत होतं आणि ते वेळेवर मिळत होतं का, हा प्रश्न त्या बातम्यांत फारसा आला नाही. २०२० च्या सुरुवातीला सीएए-एनआरसीवरून वातावरण तापलेलं असताना घरातल्या माणसांची नावं लिहून घेणाऱ्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिलं जात होतं. मग करोना आला, आणि त्याच बाईला त्याच दारात जाऊन ताप-खोकला विचारायचा होता. तिने ते केलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी अभिनंदनाचे संदेश टाकले. मानधनाच्या थकबाकीबद्दल त्या संदेशांत काही नव्हतं.

आता देशात नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. कारखाना, बँक, आयटी यांच्यावर काय परिणाम होणार याची चर्चा बरीच झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर काय होणार याची फारशी झाली नाही. म्हणून हा विषय जरा मुळापासून घेतो.

आशा ही योजना एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. हजार लोकवस्तीला एक बाई, त्याच गावची, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण २५ ते ४५ वयाची. पुढे शहरी आरोग्य अभियान आलं आणि झोपडपट्ट्यांतही आशा नेमल्या गेल्या. कल्पना चांगली होती, पण तिच्या पोटातच एक गोम होती. या बाईला सरकारने नोकर म्हटलंच नाही. ती 'स्वयंसेविका'. तिला पगार नाही, 'मानधन' आणि कामागणिक 'मोबदला'. ग्रामीण भागात एका बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेऊन सुखरूप बाळंतपण झालं की ६०० रुपये, शहरात ४००. बाळ जन्मल्यावर ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन वजन, ताप, नाळ, दूध सगळं तपासायचं, त्याचे २५० रुपये. म्हणजे एका फेरीला ४१-४२ रुपये. रिक्षाने जायचं ठरवलं तर परतीचे पैसे घरून आणावे लागतील.

या मोबदल्याच्या वर केंद्राचं निश्चित मानधन २०१८ मध्ये १,००० वरून २,००० झालं आणि मार्च २०२५ च्या बैठकीत ३,५०० ठरलं. राज्याने आपल्या खिशातून २०२० मध्ये २,००० दिले. या आकड्यांमागे पाहिलं तर जवळपास प्रत्येक मोठ्या वाढीआधी कुठेतरी मोर्चा, धरणं किंवा संप दिसतो. आपणहून कुणी दिलं, असं फार कमी वेळा झालं.

महाराष्ट्रातलंच बघा. जून २०२१, करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. राज्यातल्या आशा संपावर गेल्या. आठवडाभराने तडजोड झाली: १ जुलैपासून १,००० रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. हे त्या मानाने सरळ प्रकरण. खरी शिकवण २०२३-२४ च्या संपात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

१८ ऑक्टोबर २०२३ ला आशा आणि गटप्रवर्तक (म्हणजे वीस-पंचवीस आशांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या बायका, त्याही कंत्राटी) संपावर गेल्या. आयटक, सिटू आणि इतर संघटना मिळून एक कृती समिती होती. वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एका समितीत टिकून राहणं ही महाराष्ट्रात लहान गोष्ट नाही. दिवाळीच्या तोंडावर आरोग्यमंत्र्यांनी बोलावलं आणि जाहीर केलं: आशांना महिना ७,००० रुपये वाढ, दिवाळीची भेट २,००० रुपये. संप मागे घेतला गेला. बायका घरी गेल्या, राहिलेलं काम भरून काढलं.

मग शासन निर्णय निघेना. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मंत्री म्हणत होते फाईल अर्थ खात्यात आहे. आधी ऑनलाइन कामावर बहिष्कार टाकला गेला, मग १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. फेब्रुवारीत हजारो बायका मुख्यमंत्र्यांच्या ठाण्यात जाऊन बसल्या, तिथून आझाद मैदानात आल्या. रात्री मैदानात, नाहीतर सीएसएमटीच्या आसपास. त्यात गडचिरोलीच्या होत्या, कोल्हापूरच्या होत्या, आणि बुरखा-नकाबातल्या आपल्या बायकाही होत्या. घरी सांगून आलेल्या की दोन दिवसांत परत येते. १ मार्चला संप थांबला आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. वाढ किती? ५,००० रुपये.

७,००० चे ५,००० झाले. मधले दोन हजार कुठे गेले, हे विचारायला कुठलंही कोर्ट नाही, कुठलाही कामगार आयुक्त नाही. ही रक्कम किती होते तेही मोजून बघू. राज्यात आशा सत्तर हजार धरल्या तरी महिन्याला १४ कोटी, वर्षाला १६८ कोटी रुपये. एका बाईच्या घरात वर्षाला २४,०००. एका मंत्र्याने भरल्या खोलीत शब्द दिला, दुसऱ्या खात्याने तो कापला, आणि कायद्याच्या नजरेत काहीच घडलं नाही. कारण कायद्याच्या नजरेत तिथे करार झालाच नव्हता.

आम्हाला वाटतं, सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. आशांकडे संघटना नाही असं नाही. संघटना आहे, नोंदणी आहे, पावतीपुस्तक आहे, नेते आहेत. त्या संप करू शकतात, करतात, जिंकतातही. त्यांच्याकडे नाही ते वाटाघाटीचं टेबल. कारखान्यात संघटना आणि मालक यांच्यात समझोता झाला की तो कागदावर येतो, दोघांवर बंधनकारक असतो, मोडला तर दाद मागता येते. त्याला मुदत असते, मुदत संपायच्या आधी नवी मागणीपत्रं जातात. आशांच्या बाबतीत हे सगळं मंत्र्यांच्या मर्जीवर, माध्यमांच्या दबावावर आणि निवडणुकीच्या तारखेवर चालतं. मार्च २०२४ मध्ये निर्णय का झाला, लोकसभेची आचारसंहिता कधी लागणार होती, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

आणि टेबलाच्या पलीकडे बसायचं कोणी, हाही घोळच आहे. आशाची निवड गावपातळीवर होते. काम प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतं. कामावर नजर गटप्रवर्तकाची. पैसे येतात अभियानाच्या राज्य सोसायटीतून, त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. नियम बनतात दिल्लीत. राज्याकडे मागायला गेलं तर ते म्हणतात ही केंद्राची योजना. केंद्राला विचारलं तर संसदेत उत्तर मिळतं की आरोग्य हा राज्याचा विषय. इतके मालक असून मालक कोणीच नाही. भिवंडीच्या मागवाल्याला हे नवीन वाटणार नाही. तिथेही शेठ, कारखानेदार, ठेकेदार, मुकादम सगळे असतात, बाकी मागायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. फरक इतकाच की इथे शेठ सरकार आहे.

सरकारची ही भूमिका न्यायालयातही टिकली. अंगणवाडी सेविका आणि आशा यांची कायदेशीर गत सारखी आहे, त्यामुळे तिथले निकाल इथे महत्त्वाचे ठरतात. २००६ मध्ये 'कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करत नाहीत. आमच्या वाचकांना नाव वाचून समजलंच असेल, एका मुस्लिम बाईच्या नावाने ओळखला जाणारा हा निकाल पुढची सोळा वर्षं देशातल्या सगळ्या जातीधर्मांच्या योजना-कर्मचाऱ्यांच्या अंगावर फेकला गेला. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने, जिथे सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात, शिफारस केली की या बायकांना स्वयंसेवक नव्हे तर कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. ती शिफारस अजून कागदावरच आहे.

एप्रिल २०२२ मध्ये थोडी खिडकी उघडली. गुजरातच्या दाहोदहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं ठरवलं, आणि ज्याला मानधन म्हणतात ते त्या कायद्यापुरतं वेतनच आहे असं म्हटलं. 'मानधन' या शब्दाआड लपायची सवय लागलेल्या सरकारांना ही चपराक होती. पण ग्रॅच्युइटीपुरती.

गंमत अशी की संप मोडायचा असला की हीच सरकारं शब्द बदलतात. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला होता. म्हणजे पगार मागितला तर तुम्ही स्वयंसेविका, काम थांबवलं तर तुम्ही अत्यावश्यक सेवा. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेतल्याच शिवसेनेने विरोध केला आणि निर्णय स्थगित करावा लागला. अत्यावश्यक कोण आणि स्वयंसेवक कोण, हे एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कसं खरं असू शकतं, याचं उत्तर तेव्हाही कुणी दिलं नाही.

रुग्णालयातल्या कामगारांची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने गेली, आणि तिची सुरुवात आपल्या अगदी शेजारची आहे. भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार इथल्या किती पिढ्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये जन्मल्या. त्याच जे.जे. समूहातल्या दोन वॉर्ड नोकर महिलांना सरकारने कामावरून काढलं. कारण, नागरी पुरवठा खात्यातून कमी केलेल्या लोकांना तिथे लावायचं होतं. छाटणीची भरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा ही संघटना त्यांच्या बाजूने कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं, हॉस्पिटल हा काही उद्योग नाही, म्हणून औद्योगिक विवाद कायदा लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बायकांच्या बाजूने निकाल दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६० मध्ये न्या. गजेंद्रगडकरांनी निकालपत्र लिहिलं: हॉस्पिटल हा उद्योग आहे. सरकारचं अपील फेटाळलं. दोन वॉर्ड नोकरांच्या भांडणातून देशभरातल्या दवाखान्यांतल्या आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना कामगार म्हणून उभं राहायला जागा मिळाली.

ती जागा सारखी हलत राहिली, हेही खरं. १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलच्या प्रकरणात न्यायालयाने उलट सांगितलं. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने, न्या. कृष्णा अय्यर यांच्या पुढाकाराने, पुन्हा व्यापक व्याख्या केली आणि हॉस्पिटलं, धर्मादाय संस्थासुद्धा, मोठ्या प्रमाणात त्यात आली. १९८२ मध्ये संसदेने कायदा बदलून हॉस्पिटलांना बाहेर काढायचं ठरवलं, पण तो बदल कधी अमलातच आणला नाही. कारण बाहेर काढलेल्यांची तक्रार ऐकणारी दुसरी यंत्रणा उभी केली नव्हती. २०१७ मध्ये हा सगळा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला.

आणि आता नवी संहिता. तिच्यात तीन-चार गोष्टी आरोग्य कर्मचाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हव्यात. एका आस्थापनेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना ही एकमेव वाटाघाट करणारी संघटना. तेवढा पाठिंबा कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्केवाल्या संघटनांची मिळून परिषद. वरवर बघता हे चांगलं आहे, कारण इतक्या वर्षांत केंद्रीय कायद्यात संघटनेला मान्यता देण्याची सक्तीच नव्हती. पण हजेरीपटावर नाव असलं तरच मोजणी. आजच्या मोठ्या हॉस्पिटलात सफाई एका ठेकेदाराची, सुरक्षा दुसऱ्याची, आया-मावश्या तिसऱ्या एजन्सीच्या. एकाच वॉर्डात काम करणारी चार माणसं चार हजेरीपटांवर. ५१ टक्के कशाचे?

संपाला १४ दिवसांची आगाऊ नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागू. निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांनी एका दिवशी सामूहिक रजा टाकली तरी तो संप. नर्सेस काळी फीत लावून काम करतात, मग एक दिवस रजा टाकतात, मग संपावर जातात, अशी जी पायरी-पायरीने दबाव वाढवायची पद्धत होती, तिची मधली पायरी काढून घेतली गेली.

पण आमच्या समाजाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं कलम वेगळंच आहे. 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून संहितेने अशा संस्था बाहेर ठेवल्या आहेत, ज्या संपूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या मालकीच्या आहेत. 'बऱ्याच अंशी' म्हणजे किती, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चालेल. तोवर कुठलंही ट्रस्टचं हॉस्पिटल म्हणू शकेल की आम्ही धर्मादाय, आमच्याकडे संघटनेशी बोलायचं बंधन नाही.

ट्रस्टची हॉस्पिटलं म्हणजे आपली हॉस्पिटलंसुद्धा. इथे आम्हाला जरा स्पष्ट बोलू द्या. जकात, सदका, देणग्या यांतून उभी राहिलेली रुग्णालयं, प्रसूतिगृहं, डायलिसिस सेंटरं आपल्या शहरांत आहेत आणि ती नसती तर गरिबांचे हाल झाले असते, यात शंका नाही. स्वस्तात सोनोग्राफी, फुकट औषधं, रमजानमध्ये इफ्तारीची पाकिटं, सगळं आहे. पण हे स्वस्त होतं ते कुणाच्या जिवावर? बारा तासांची ड्यूटी करणारी नर्स, जी त्याच मोहल्ल्यातली मुलगी असते, हिला किती मिळतात, हे ट्रस्टच्या वार्षिक अहवालात कधी छापलं जात नाही. तिने पगार वाढवून मागितला तर उत्तर ठरलेलं: "बेटी, ये खिदमत है." खिदमत ट्रस्टींची खरीच आहे, ते एक पैसाही घेत नाहीत. पण नर्सने घराचं भाडं खिदमतीतून कसं भरायचं? तीच नर्स दोन वर्षांनी अनुभवाचं सर्टिफिकेट घेऊन मोठ्या खासगी हॉस्पिटलात किंवा आखाती देशात जाते, आणि मग आपण म्हणतो की आपल्या संस्थांत स्टाफ टिकत नाही.

मजुरी वेळेवर द्या, हा विषय जुम्म्याच्या बयानात कितीदा येतो. ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे गिरणीमालक येतो, बिल्डर येतो. आपल्याच संस्थेतली मावशी कधी येत नाही.

ट्रस्टी मंडळींची बाजू आम्ही ऐकली आहे. त्यांचं म्हणणं असं की धर्मादाय आयुक्तांच्या नियमाप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, सरकारी योजनांची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, त्यात संघटना आली तर कुलूप लावावं लागेल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी आम्हाला पटत नाही. कारण संघटना नाही म्हणून भांडण होत नाही असं कुठे आहे? भांडण होतंच, फक्त ते एकेकट्या मुलीचं होतं आणि ती निघून जाते.

केरळचा अनुभव इथे उपयोगी पडतो. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या मल्याळी नर्सने आत्महत्या केली. बाँड आणि अडकवून ठेवलेली सर्टिफिकेटं हा तेव्हा कळीचा प्रश्न बनला. त्याच वर्षी केरळमध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली आणि एकामागून एक खासगी, ट्रस्टच्या, मिशनच्या हॉस्पिटलांत संप झाले. दुसरीकडे नर्सेसच्या एका संघटनेच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमायला लावली. २०१६ मध्ये तिने सांगितलं: ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला २०,००० पेक्षा कमी नको, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. देशभर ही शिफारस धूळ खात पडली. केरळात मात्र संघटनेने ती उचलली, एप्रिल २०१८ मध्ये लाँग मार्चची तारीख दिली, आणि आदल्या रात्री किमान वेतनाची अधिसूचना निघाली. हॉस्पिटलं बंद पडली का? नाही.

शिफारस तीच, कायदा तोच. महाराष्ट्रात का नाही झालं? आमचा अंदाज असा की आपल्याकडे खासगी क्षेत्रातल्या नर्सेसची संघटना कधी तितकी बळकट झालीच नाही. सरकारी नर्सेसची आहे, महापालिकेच्या कामगारांची आहे. छोट्या नर्सिंग होममधली मुलगी मात्र एकटीच आहे, आणि तिच्या हातात नेमणूक पत्रसुद्धा नसतं.

पण केरळचंही फार गुणगान नको. त्याच राज्यात, डाव्यांच्या सरकारच्या दारात, आशा १० फेब्रुवारी २०२५ पासून सचिवालयासमोर बसल्या. ७,००० चे २१,००० करा अशी मागणी. साडेआठ महिन्यांहून जास्त काळ ऊन-पावसात धरणं चाललं. सरकारने सुरुवातीला सांगितलं की ही संघटना थोड्या बायकांची आहे, मोठी संघटना आमच्याबरोबर आहे. शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस १,००० रुपये वाढ झाली. कामगारांचं सरकार म्हणवणाऱ्यांनाही मालकाच्या खुर्चीत बसल्यावर संघटना नकोशी होते, आणि बहुमत कुणाचं हे मोजायची सोय नसली की ज्याला जे सोयीचं तो ते बोलतो. मतदानाने संघटना ठरवायची तरतूद आशांनाही लागू असती तर हा वाद एका दिवसात मिटला असता.

राहतो सगळ्यात अवघड प्रश्न. संप झाला की सोसतं कोण? मंत्र्यांचं लसीकरण राहत नाही. राहतं ते आपल्या गल्लीतल्या पोरांचं. आम्हाला फोन येतात, "आशाताई आल्या नाहीत, बाळाला दीड महिन्याची सुई राहिली." ही तक्रार खोटी नाही आणि संघटनांनीही ती झटकून टाकू नये. पण संपाचा इतिहास पाहिला तर आशांचा पहिला बहिष्कार ऑनलाइन माहिती भरण्यावर, अहवालांवर होता. रुग्णाला हात न लावता सरकारचा आकडा अडवायचा. सरकारला आकडेच जास्त दुखतात हे त्यांना बरोबर कळलेलं आहे. तिथे ऐकलं असतं तर मैदानात यावं लागलं नसतं. आणि ज्या देशाने संघटना स्वातंत्र्याचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन मूळ करार, ८७ आणि ९८, अजून मान्य केलेले नाहीत, तिथे संपाशिवाय बोलायचा मार्गच कमी ठेवलाय, हेही लक्षात घ्यावं लागतं.

आपल्या बायकांपुढे आणखी एक अडचण आहे. आशा म्हणून घरोघर जायला घरच्यांनी परवानगी दिली, कारण काम मोहल्ल्यातच आहे. संघटनेची मीटिंग जिल्ह्याच्या गावाला, मोर्चा मुंबईला, भाषणं ठसकेबाज मराठीत. उर्दू शाळेत शिकलेल्या बाईला परिपत्रक वाचायला शेजारच्या मुलाची मदत लागते. मोर्चात ती मागे उभी राहते, समितीत तिचं नाव क्वचित असतं. संघटनांनी मालेगाव-भिवंडीत जाऊन, त्यांच्या वेळेला, त्यांच्या भाषेत बैठका घेतल्या पाहिजेत. आणि घरच्या पुरुषांनीही हिशोब करावा: घरात येणारे ते दर महिन्याचे पाच हजार कुणी मैदानात बसून आणले.

मागण्यांची यादी संघटनांकडे आहेच, ती इथे परत लिहीत नाही. आमच्या मते सध्या दोन गोष्टींवर जोर हवा. एक, पुढच्या वेळी मंत्र्यांच्या दालनातून बाहेर येताना हातात घोषणा नव्हे तर सह्या झालेला कागद असावा, ज्यावर रक्कम, लागू होण्याची तारीख आणि वित्त विभागाची संमती लिहिलेली असेल. २०२३ च्या दिवाळीत तो मागितला असता तर कदाचित संप आणखी दहा दिवस लांबला असता, पण पुढचे दोन हजार वाचले असते. दोन, गटप्रवर्तकांना वेगळं पाडू देऊ नये. त्यांच्यावाचून एकाही आशाचं बिल पुढे सरकत नाही, आणि मार्च २०२४ च्या आनंदात त्या मागे राहिल्या होत्या.

ट्रस्टच्या हॉस्पिटलांचं काम आपल्या हातातलं आहे, त्याला ना दिल्ली लागते ना मंत्रालय. कायद्याने बोलायचं बंधन काढलं असेल, बोलायला मनाई केलेली नाही. येत्या रमजानमध्ये देणगीची पावती फाडायला कोणी दारात आलं, तर डायलिसिसच्या किती मशीन घेतल्या हे जरूर विचारा, आणि त्या मशीन चालवणाऱ्या मुलीला नेमणूक पत्र दिलंय का, तिचा पीएफ कापला जातो का, हेही त्याच पावतीवर सही करण्याआधी विचारा.